बाटलीतल्या झाडाची माती

शहरातल्या कुठल्याही इमारतीचा जिना चढावा, एखाद्या उघड्या दारातून सहज आत नजर जावी आणि ती बाटली दिसू नये, असं सहसा होत नाही. कधी ती सरबताची असते, कधी मधाची, कधी कॉफीची रिकामी बरणी असते. तिच्यात अर्धंअधिक पाणी आणि पाण्यातून वर येऊन खिडकीच्या गजांवर रेललेली मनीप्लांटची वेल. ही वेल बहुधा कुणी विकत आणलेली नसते. शेजारणीकडून मागून आणलेली असते, नाही तर न मागता. चोरून आणलेला मनीप्लांट जोमानं वाढतो आणि घरात पैसा आणतो, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. त्यामुळे एरवी दुसऱ्याच्या काडीलाही हात न लावणारी माणसं एवढी चोरी मात्र हसत हसत करतात.

त्या बाटलीपुढे उभं राहून प्रत्येकाला कधी ना कधी प्रश्न पडतो, की हे झाड जगतं तरी कशावर? मातीचा कण नाही, खताची चिमूट नाही, ऊनही बेताचंच. नुसत्या नळाच्या पाण्यावर वर्षानुवर्षं तग धरणाऱ्या या जिवाचं पोट भरतं कसं? प्रश्न घरगुती आहे, पण त्याचं नीट उत्तर मिळायला युरोपातल्या भल्याभल्या विद्वानांना दोनशेहून अधिक वर्षं लागली. माझं निम्मं आयुष्य बँकेत जमाखर्च तपासण्यात गेलं, म्हणून असेल कदाचित. पण मला ही सारी हकीकत एका न जुळणाऱ्या ताळेबंदाची हकीकत वाटत आली आहे.

दोन औंसांची तूट

यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्ट हा ब्रुसेल्सचा वैद्य. तो १६४४ साली वारला आणि त्याचे ग्रंथ त्याच्या मुलानं १६४८ साली छापले. त्यात एका प्रयोगाची नोंद आहे. हेल्मॉन्टनं भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका कुंडीत भरली आणि तीत ५ पौंड वजनाचं वाळुंजाचं रोप लावलं. बाहेरची धूळ आत पडू नये म्हणून कुंडीवर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण बसवलं. पाच वर्षं त्यानं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं, तर ते भरलं १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती कमी झाली होती जेमतेम २ औंसांनी.

जमेला १६४ पौंड आणि खर्ची २ औंस. एखाद्या शाखेचा असा ताळेबंद समोर आला, तर तपासनीस चष्मा पुसून पहिला प्रश्न विचारील, "हे आलं कुठून?" हेल्मॉन्टनं उत्तर दिलं, पाण्यातून. दुसरं काही आपण घातलेलंच नाही, तेव्हा लाकूड, साल, मुळं सगळं पाण्याचंच झालं असणार. तर्क सरळ होता. पण त्यानं एक खातं उघडलेलंच नव्हतं, ते म्हणजे हवेचं. गंमत अशी, की 'गॅस' हा शब्द जगाला देणारा माणूस हाच. कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूचं वर्णनही त्यानं करून ठेवलं होतं. ज्या वायूतून त्याच्या झाडाचं लाकूड तयार होत होतं, त्या वायूला तो ओळखत होता. फक्त तो आपल्या कुंडीच्या हिशेबात धरायचा असतो, हे त्याच्या ध्यानी आलं नाही.

आणि ते २ औंस? ते त्यानं मातीतून आलेले धरलेच नाहीत. दोनशे पौंडांत दोन औंसांचा फरक कोण मनावर घेतो! बँकेत काम केलेल्या माणसाला मात्र अशा ठिकाणी चुटपुट लागते. मोठी रक्कम चुकली तर ती लवकर सापडते. रात्री नऊपर्यंत बसवून ठेवतो तो दोन रुपयांचा फरक.

तो फरक शोधायला पहिला हात घातला जॉन वुडवर्ड या इंग्रज गृहस्थानं. त्याचे प्रयोग १६९९ साली प्रसिद्ध झाले. त्यानं पुदिन्याच्या जातीच्या काड्या वेगवेगळ्या पाण्यांत वाढवल्या: पावसाच्या, झऱ्याच्या, थेम्स नदीच्या, आणि बागेतली माती कालवलेल्या. माती कालवलेल्या पाण्यातली काडी सर्वांत जास्त वाढली. म्हणजे झाडाला मातीतलं काहीतरी हवं असतं. ते थोडंच असतं, पण त्यावाचून अडतं. पुढे १७७१ साली जोसेफ प्रीस्टलीनं पुदिन्याचीच एक डहाळी बंद भांड्यात ठेवली. त्या हवेत आधी मेणबत्ती विझली होती. काही दिवसांनी तिथेच मेणबत्ती पुन्हा जळू शकली. १७७९ साली यान इंगेनहाउझनं दाखवून दिलं, की हे काम झाडाचा हिरवा भाग करतो आणि तेही उजेडातच करतो. हवेचं खातं असं हळूहळू उघडलं गेलं.

शेवटचा मेळ घातला तो १८६०च्या सुमारास युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी. मातीला पूर्ण रजा देऊन, पाण्यात मोजके क्षार विरघळवून त्यांनी झाडं वाढवून दाखवली. आज आपण सांगू शकतो, की झाड पूर्ण वाळवलं तर त्याच्या वजनाचे सुमारे नव्वद टक्के कार्बन आणि प्राणवायू असतात, सहा टक्के हायड्रोजन, आणि उरलेले चार-पाच टक्के म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक, लोह आणि काही सूक्ष्म द्रव्यं. ही चार-पाच टक्के रक्कम जमिनीच्या खात्यातली. बाकी सगळा कारभार हवा, पाणी आणि उजेड यांच्या भांडवलावर.

तेव्हा बाटलीतल्या वेलीचं उत्तर असं आहे. ती मुख्यतः हवेवर आणि उजेडावर जगते. मातीच्या वाट्याचे चार दाणे तिला नळाच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांतून कसेबसे मिळतात. म्हणून ती मरत नाही, आणि म्हणूनच ती फारशी वाढतही नाही.

टोमॅटो आणि बेटं

प्रयोगशाळेतली ही युक्ती बाजारात आणण्याचं श्रेय कॅलिफोर्नियाच्या बर्कली इथल्या विद्यापीठातले प्राध्यापक गेरिक यांना जातं. १९२९च्या सुमारास त्यांनी क्षार घातलेल्या पाण्याच्या टाक्यांवर टोमॅटो लावले. वेली इतक्या उंच गेल्या, की फळं काढायला शिडी लावावी लागे. 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द त्यांनी १९३७ साली छापील मजकुरात वापरला. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला आणि शेतीचे दिवस संपले, अशा थाटात लेख येऊ लागले.

त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन या दोघांनी १९३८ साली एक छोटी पुस्तिका काढून या उत्साहावर थंड पाणी ओतलं. त्यांचं म्हणणं असं, की हवा आणि ऊन सारखं असेल तर चांगल्या मातीतलं झाड पाण्यातल्या झाडाच्या मागे राहत नाही. माती नसेल तिथं ही पद्धत उपयोगी; माती असताना ती काही चमत्कार करत नाही. पण त्याच पुस्तिकेतलं क्षारांचं मिश्रण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत 'होगलंडचं द्रावण' म्हणून वापरलं जातं.

माती नसलेल्या जागा काही कमी नव्हत्या. प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर विमानं तेल भरायला उतरत. तिथल्या लोकांसाठी १९३०च्या दशकाच्या अखेरीस अशी भाजी पिकवली गेली. आपल्या देशात १९४६ साली कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी वाळू, खडी आणि कोरडी खतं वापरून गरिबाला परवडेल अशी रीत बसवायचा खटाटोप केला. ती 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली जाते. थोडक्यात, मातीला पर्याय शोधला गेला तो माती हाताशी नव्हती म्हणून. आपल्या खिडकीतल्या बाटलीची कथा तीच आहे. चौथ्या मजल्यावर अंगण नसतं.

आपल्या स्वयंपाकघरातलं शास्त्र

खरं म्हणजे मातीशिवाय उगवणारी गोष्ट मराठी घराला नवी नाही. मटकी रात्री भिजवावी, सकाळी उपसून फडक्यात बांधावी, की दुसऱ्या दिवशी मोड हजर. कांद्याच्या टोपलीत विसरलेल्या कांद्याला हिरवा कोंब फुटतो. रताळं अर्धं पाण्यात बुडेल असं पेल्यावर ठेवलं, तर महिन्याभरात खिडकीभर वेल होते. पण ही सगळी मंडळी भविष्यनिर्वाह निधी घेऊन आलेली असतात. मटकीचा साठा तिच्या दोन डाळिंब्यांत, कांद्याचा पाकळ्यांत, रताळ्याचा त्या पिठूळ गाभ्यात. निधी संपला, की रताळं सुरकुततं आणि वेल मान टाकते.

मनीप्लांटच्या तुकड्याजवळ असा निधी नसतो. त्याच्याजवळ असतं ते पेर. पानाचा देठ जिथं खोडाला भेटतो, तिथं एक तपकिरी खुंटी दिसते. ते हवेतलं मूळ. त्या पेराच्या जरा खाली कापून, पेर पाण्यात आणि पानं पाण्याबाहेर राहतील अशी फांदी ठेवली, तर दहा-पंधरा दिवसांत पांढरी मुळं दिसू लागतात. नुसतं पान देठासकट ठेवलं तर एखादं मूळ फुटेलही, पण पेराशिवाय नवा कोंब फुटत नाही. सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, कोलियस, पुदिना, स्पायडर प्लांट ही याच पंगतीतली. 'लकी बांबू' म्हणून विकतात तो मुळात बांबू नव्हेच. ते आफ्रिकेतलं ड्रासिना जातीचं झाड आहे. कोरफड आणि निवडुंगाच्या जातीची झाडं मात्र पाण्यात ठेवू नयेत. ज्यांनी पोटात पाणी साठवायची विद्या साधली, त्यांना पाण्यात उभं केलं तर ती बहुधा कुजतात.

माती काय करत होती?

आता मुद्द्याचं. झाड पाण्यात लावलं म्हणजे मातीचा प्रश्न मिटला, असं आपण समजतो. मिटत नाही. माती गप्प राहून जी कामं करत होती, ती आता दुसऱ्या कुणाला तरी करावी लागतात.

पहिलं काम हवेचं. मुळंही श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीतून त्यांना हवा मिळते. लिटरभर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. आपल्याकडच्या तापमानाला लिटरभर पाण्यात तो जेमतेम आठ मिलिग्रॅम मावतो. उन्हाळ्यात त्याहून कमी. बाटलीतलं पाणी शिळं झालं, की तेवढाही उरत नाही. म्हणून पाणी बदलायचं, आणि मुळांचा वरचा भाग पाण्याबाहेर उघडा ठेवायचा. काठोकाठ भरलेल्या बाटलीत झाड पाणी पीत नाही, गुदमरतं.

दुसरं काम अंधाराचं. मुळं जमिनीखाली राहतात. पारदर्शक बाटलीत उजेड शिरला, की पाण्यात हिरवं शेवाळ धरतं. तपकिरी बाटली घ्यावी, किंवा साध्या बाटलीला कागद गुंडाळावा. मुळं पाहायची हौस असेल तर कागद काढून पाहावीत आणि पुन्हा गुंडाळावा.

तिसरं काम स्वयंपाकाचं. शेणखत किंवा पेंड झाड तशीच खात नाही. मातीतले असंख्य सूक्ष्मजीव ती कुजवून, शिजवून झाडाच्या तोंडी लावतात. बाटलीत ही भटारखान्याची मंडळी नसतात. तिथं शेणखत घातलं तर ते नासतं, पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मुळांचा घास घेतं. म्हणून पाण्यातल्या झाडाला विरघळणारं खतच द्यायचं. रोपवाटिकेत एकोणीस-एकोणीस-एकोणीस म्हणून मिळतं ते. लिटरला चिमूटभर, महिन्यातून एकदा, बास.

चौथं काम माझ्या पेशाच्या अगदी जवळचं. माती ही बचत ठेव आहे. दोन दिवस पाणी चुकलं तर ती आपल्याजवळचं देते; खत जास्त पडलं तर काही काळ धरून ठेवते. आपलं विसरणं ती पोटात घालते. बाटली म्हणजे गल्ल्यातली रोकड. आज जे घातलं तेवढंच आहे. खत जास्त झालं तर त्याच दिवशी मुळांची टोकं करपतात. पाणी आटलं तर वेलीला मागे वळून पाहायला कुणी नाही.

म्हणजे हवा पोचवणं, अंधार करणं, घास मऊ करून देणं आणि चुका सांभाळून घेणं ही मातीची सारी कामं बाटलीत आपल्यावर येतात. लोक म्हणतात, "पाण्यातलं झाड सोयीचं, त्याचं काही करावं लागत नाही." मला तर उलटं वाटतं. बाटलीतल्या झाडाची माती म्हणजे आपण स्वतः.

आठवड्याचा वार

याचा प्रत्यय आमच्या सोसायटीला २०१९च्या पावसाळ्यात आला. आठ-दहा दिवसांत तिघांना डेंग्यू झाला. त्यात एक सहावीतली मुलगी होती. पालिकेची माणसं बॅटऱ्या घेऊन घरोघर फिरली. गच्चीवरची टाकी स्वच्छ होती, गटार कोरडं होतं. अळ्या सापडल्या त्या दिवाणखान्यांत, शोभेच्या बाटल्यांत. त्यांनी पाणी एका पांढऱ्या बशीत ओतून दाखवलं, तेव्हा ती वळवळ पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाण पाण्यापेक्षा घरातलं असं निवांत, स्वच्छ पाणी पसंत करतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. हा प्रवास किती लांबचा होऊ शकतो याचं एक उदाहरण नोंदलेलं आहे. २००१ साली चीनमधून कॅलिफोर्नियात लकी बांबू पाण्यात उभे करून जहाजांनी आणले गेले. त्याच पाण्यातून एडिसचीच दुसरी एक जात तिकडे उतरली. सुदैव आणायला निघालेल्या झाडानं सोबत काय आणलं, ते पाहा.

सोसायटीची तातडीची सभा भरली. सगळ्या बाटल्या फेकून द्या, असा ठराव आला. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक काका एकटे राहतात. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले. त्यांच्याकडे सोळा बाटल्या. बायकोच्या हातच्या. ते सभेत फारसे बोलत नाहीत. त्या दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, "फेकायच्या तर फेका. मुलीच्या जिवापुढे बाटल्यांचं काय एवढं! फक्त सकाळी उठून मी कुणाकडे बघायचं, तेवढं सांगा."

सभेत कुणी काही बोलेना. मुद्दा दोन्हीकडून खरा होता. मुलीचा जीव हा बाटल्यांपेक्षा मोठा, यात वाद नाही. पण पाणी न बदललेल्या बाटल्या आणि दर आठवड्याला बदललेल्या बाटल्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकांचे हात सोळा बाटल्या उचलून घासू शकत नव्हते, अडचण एवढीच होती. शेवटी आम्ही रविवार ठरवला. दर रविवारी सकाळी बाटली रिकामी करायची, आतून ब्रशनं कड घासायची, मुळं धुवायची, ताजं पाणी भरायचं आणि फांदीभोवती कापसाचा बोळा बसवून तोंड बंद करायचं. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं तर कडेची अंडी तशीच राहतात; घासणं महत्त्वाचं. काकांच्या बारा बाटल्यांतल्या वेली कुंडीत, मातीत लावल्या. उरलेल्या चार बाटल्या घासायला दोन मुलं जातात. त्यांतली एक ती सहावीतली. आता ती कॉलेजात आहे.

मातीत लावताना एक पथ्य मात्र पाळावं लागलं. पाण्यात फुटलेली मुळं मातीला सरावलेली नसतात. पहिले दोन-तीन आठवडे माती ओलसर ठेवावी लागते, तोवर झाड नवी मुळं धरतं. बारांतल्या अकरा वेली जगल्या.

एकच वेल

मनीप्लांटनं पैसा येतो का, असं मला लोक विचारतात. जणू बँकेतल्या बाईला ते ठाऊक असणारच. इतक्या वर्षांत मी पुष्कळ बुडीत खाती पाहिली, त्यांतल्या कित्येकांच्या काउंटरवर हिरवीगार वेल होती. हवा शुद्ध होते, हाही असाच एक समज. १९८९ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेनं बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून तो पसरला. त्या प्रयोगांतही बरंचसं श्रेय मुळांभोवतीच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांना दिलेलं होतं. २०१९ साली दोघा संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला. नेहमीच्या खेळत्या हवेइतका परिणाम साधायचा, तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं ठेवावी लागतील, असं उत्तर आलं. मग आपण राहायचं कुठं? खिडकी उघडावी, हे बरं. आणि घरात रांगतं मूल असेल तर वेल उंचावर ठेवावी. ती अळूच्या कुळातली आहे; चावली तर अळूसारखीच खाजते, जरा जास्तच.

या वेलीचं खरं नवल निराळं आहे. तिचं मूळ गाव प्रशांत महासागरातलं मोरेआ नावाचं छोटं बेट. तिथून ती जगभर गेली, आणि बी न होता गेली. तिला फुलं येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. आपोआप फुलल्याची शेवटची नोंद १९६४ सालची. फुलं धरायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तिच्या अंगी पुरेसं बनत नाही, असं २०१६ साली संशोधकांनी दाखवलं. बाहेरून ते फवारलं, तर ती फुलते. फुलं नाहीत म्हणून बी नाही, बी नाही म्हणून रोप नाही. तेव्हा आपल्या खिडकीतली वेल ही कुणाच्या तरी वेलीचा तुकडा, ती आणखी कुणाच्या. ही साखळी मागे नेत गेलं, तर मध्ये कुठंही खंड नाही. प्रत्येक सांध्यावर फांदी तोडून देणारा एक हात आहे. झाडाला स्वतःहून पुढच्या घरी जाता येत नाही. ते माणसांच्या देण्याघेण्यावर जगभर पसरलं.

हे देणंघेणं मी नोकरीत जवळून पाहिलं. बँकेत दर तीन वर्षांनी बदली ठरलेली. चिपळूणला लावलेली जास्वंद चिपळूणला राहिली, परभणीच्या भाड्याच्या घरामागचा कढीपत्ता पुढच्या भाडेकरूच्या फोडणीत गेला. टेम्पोवाले कुंड्या घ्यायला नाखूष. माती सांडते, वजन वाढतं, कुंडी वाटेत फुटते. माझ्या पहिल्या शाखेत एक वयस्क शिपाई होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. शाईच्या रिकाम्या बाटल्यांत त्यांनी खिडकीभर मनीप्लांट लावले होते. माझी बदली झाली तेव्हा एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाले, "मॅडम, झाड नेता येत नाही. फांदी न्या. तिकडे पोचलात की आधी तिला पाणी द्या, मग सामान सोडा." ती फांदी पर्समधून एस.टी.नं गेली. पुढल्या प्रत्येक गावी तिची फांदी गेली, आणि प्रत्येक गावी मागे एक बाटली राहिली.

माझ्या सासूबाई शिराळ्याकडच्या, आयुष्यभर अंगणात वावरलेल्या. बाटलीतल्या मनीप्लांटला त्यांनी कधी हरकत घेतली नाही. पण एकदा मी तुळशीची डहाळी पाण्यात ठेवली, तेव्हा त्यांनी ती उचलून कुंडीत खोचली. "अगं, तुळशीला पाणी घालायचं असतं, तुळशीला पाण्यात घालायचं नसतं." तुळशीच्या डहाळीला पाण्यात मुळं फुटतात, हे मला माहीत होतं. पण जिला मंजिऱ्या धरायच्या, बी टाकायचं, वर्षभर उभं राहायचं, तिचं बाटलीत फार दिवस भागत नाही, हेही तितकंच खरं. पाणी ही मुळं फुटण्याची जागा आहे. प्रत्येकानं तिथंच मुक्काम करावा असं नाही.

मनीप्लांटचंही तसंच. बाटलीत तिचं पान तळहाताएवढंही होत नाही, कारण ती तिथं कायम बालवयातच राहते. हीच वेल कोकणात एखाद्या फणसाच्या खोडावर चढू दिली, तर पानं सुपाएवढी होतात, त्यांना चिरा पडतात, आणि मनीप्लांटच हा, हे सांगूनही कुणाला पटत नाही.

निवृत्तीनंतर माझी बदली होणं थांबलं. मामांच्या फांदीची एक फांदी मी सोसायटीच्या आवारातल्या मोठ्या पिंपात, मातीत लावली आहे, आणि तिला चढायला एक जाडसा ओंडका उभा करून दिला आहे. पानं वाढताहेत. शेजारी बाटल्यांची रांगही आहे. आमच्याकडून कुणी घर सोडून निघालं, मुलगी सासरी चालली, मुलगा परगावी नोकरीला लागला, की एक फांदी कापून ओल्या फडक्यात बांधून देते. सोबत सांगते ते मामांनी सांगितलं तेच, आणि एक जास्तीचं: रविवारी बाटली घासायला विसरू नका.